यूव्ही फिल्टर लेन्सवर कायम ठेवावा का? (दीपमाळेच्या फोटोतले हिरवे ठिपके)

गुहागरचा_वारा

नमस्कार मंडळी,

दिवाळीच्या आधी मी १८-१४० मिमीची लेन्स घेतली. बिल होत असतानाच दुकानदाराने "एवढी महागाची वस्तू उघडी कशाला ठेवता?" असे म्हणत साडेतीनशे रुपयांचा ६७ मिमीचा यूव्ही (अतिनील किरण अडवणारा) फिल्टर स्वतःच्या हाताने लेन्सवर चढवून दिला. लेन्सचे रक्षण होईल आणि फोटोही अधिक स्वच्छ येतील, अशी दोन्ही आश्वासने त्याने एका दमात दिली. आमचे घर समुद्रापासून पाच मिनिटांवर असल्यामुळे रक्षणाचा मुद्दा मला पटला आणि तेव्हापासून तो फिल्टर लेन्सवर आहे तसाच आहे.

त्रिपुरी पौर्णिमेला गावातल्या देवळाची दीपमाळ उजळली, तेव्हा ट्रायपॉड लावून मी काही फोटो काढले. चौकटीत दीपमाळ खाली उजव्या बाजूला होती आणि वर डावीकडचा बराच भाग मोकळ्या, काळ्या आभाळाचा होता. घरी येऊन संगणकावर पाहतो, तर त्या काळ्या आभाळात फिकट हिरवट ठिपक्यांची एक नक्षी दिसली. कोणी आकाशकंदील सोडले असावेत असे आधी वाटले, परंतु फोटो मोठा करून पाहिल्यावर लक्षात आले की ती नक्षी म्हणजे दीपमाळच आहे, फक्त डोके खाली आणि पाय वर. एका बाजूच्या दोन पणत्या वाऱ्याने विझल्या होत्या, त्यांच्या जागा त्या उलट्या नक्षीतही रिकाम्याच आहेत.

हा दोष लेन्सचा आहे की फिल्टरचा, हे मला प्रथम जाणून घ्यायचे आहे. लेन्सचा असेल तर हमीची मुदत संपण्यापूर्वी ती परत न्यावी लागेल. तसेच समुद्रकिनारी आणि पावसाळ्यात फिल्टर खरोखर किती कामाचा असतो आणि त्यामुळे फोटो सुधारतात हे कितपत खरे आहे, यावर अनुभवी मंडळींनी लिहावे ही विनंती.

प्रकाशवेडा

लेन्स परत नेऊ नका, ती निर्दोष असावी. तुम्ही जे वर्णन केले आहे ते सपाट फिल्टरमुळे उमटणाऱ्या घोस्टचे, म्हणजे परावर्तनातून आलेल्या खोट्या प्रतिबिंबाचे, अगदी नमुनेदार उदाहरण आहे आणि विझलेल्या पणत्यांचे निरीक्षण तर फारच उपयोगी आहे.

घडते ते असे. पणतीचा प्रकाश लेन्समधून सेन्सरवर पडतो. सेन्सरचा पृष्ठभाग चकचकीत असल्याने त्यातला थोडा प्रकाश परावर्तित होऊन आल्या वाटेने लेन्समधून पुन्हा बाहेर निघतो. लेन्सवर काही नसेल तर तो बाहेर निघून जातो आणि विषय संपतो. मात्र समोर फिल्टरची सपाट काच असेल, तर ती आरशासारखे वागून त्याचा काही अंश परत आत ढकलते आणि तो सेन्सरवर दुसऱ्या जागी, चौकटीच्या मध्यबिंदूच्या बरोबर विरुद्ध बाजूला, जवळजवळ तितक्याच रेखीवपणे उमटतो. खाली उजवीकडची दीपमाळ वर डावीकडे उलटी दिसते ती याच कारणाने. लेन्सच्या स्वतःच्या काचाही परावर्तन करतातच, पण त्या वक्र असल्यामुळे तो प्रकाश बहुतेक वेळा विखुरतो आणि त्याचे एवढे स्पष्ट प्रतिबिंब तयार होत नाही.

आता प्रमाणाविषयी. ज्या काचेवर कोणताही लेप दिलेला नाही, तिचा प्रत्येक पृष्ठभाग सुमारे ४ टक्के प्रकाश परत फेकतो, म्हणजे दोन्ही पृष्ठभाग मिळून जवळजवळ ८ टक्के. चांगल्या बहुस्तरीय लेपाच्या फिल्टरमध्ये हेच प्रमाण एका टक्क्याच्या खाली येते. दिवसाच्या साध्या फोटोत हा फरक तुमच्या डोळ्यांना जाणवणारही नाही. पण पणतीची ज्योत रात्रीच्या आभाळापेक्षा हजारो पटींनी उजळ असते, त्यामुळे दोनदा परावर्तित होऊन उरलेला तिचा नगण्य अंशसुद्धा काळ्या पार्श्वभूमीवर उठून दिसतो. रस्त्यावरचे दिवे, दिवाळीची रोषणाई, सूर्योदय, पौर्णिमेचा चंद्र, या सगळ्या ठिकाणी हाच धोका आहे.

तुमच्या फिल्टरवर लेप आहे की नाही, हे घरच्या घरी पाहता येते. फिल्टर ट्यूबलाइटखाली तिरका धरा आणि काचेतले ट्यूबचे प्रतिबिंब पाहा. ते पांढरे आणि खिडकीच्या काचेत दिसते तितके ठळक असेल, तर लेप नाही असे समजा. चांगल्या लेपावर ते मंद आणि हिरवट, जांभळट किंवा लालसर दिसते. खात्री करून घ्यायची असेल तर एक रात्र ट्रायपॉड न हलवता तोच फोटो फिल्टरसह आणि फिल्टरविना काढून पाहा.

गुहागरचा_वारा

इतक्या सविस्तर उत्तराबद्दल आभारी आहे. प्रयोग आजच करणार होतो, पण एक अडचण उभी राहिली आहे. फिल्टर निघतच नाही. दुकानदाराने बहुधा कायमचाच बसवून दिला असावा.

भिंग_दुरुस्ती

पक्कड मुळीच लावू नका आणि बोटांच्या चिमटीत धरून जोरही लावू नका. दोन टोकांना दाब आला की फिल्टरची कडी किंचित लंबगोल होते, आटे एकमेकांत अधिकच रुततात आणि आपण जितकी ताकद लावू तितका तो घट्ट बसतो.

एक जाड रबर बँड कडीभोवती सपाट गुंडाळा आणि पाची बोटांनी हलक्या, सारख्या दाबाने फिरवून पाहा. तेवढ्याने निघाला नाही, तर रबरी तळव्याची स्वच्छ धुतलेली सपाट चप्पल घ्या, तिच्या तळव्यावर लेन्स तोंडाकडून उभी टेकवा आणि थोडासा भार देऊन लेन्स फिरवा. कडीच्या संपूर्ण घेरावर एकसारखी पकड बसल्यामुळे ती सहसा सुटते. माझ्या टेबलाखाली याच कामासाठी ठेवलेली एक जुनी चप्पल आहे. गिऱ्हाइके आधी हसतात आणि मग मुकाट्याने फिल्टर खिशात घालतात.

स्वस्त फिल्टरची कडी ॲल्युमिनियमची असते. लेन्सचे आटेही त्याच धातूचे असले की दोन्ही एकमेकांना धरून बसतात. पितळी कडी अशी सहसा अडकत नाही आणि बी+डब्ल्यूसारख्या कंपन्यांनी पितळ वापरले ते याच कारणाने. यापुढे फिल्टर बसवताना आधी उलट्या दिशेने हलके फिरवून आटे जुळल्याचा बारीक 'टक्' जाणवू द्या, मग सुलट फिरवा आणि टेकला की थांबा.

फिल्टर हवा की नको, याविषयी रात्री सवडीने लिहितो.

जुना_रोलवाला

फोटो सुधारतात की नाही, या प्रश्नाचे उत्तर फिल्मच्या काळात दडलेले आहे, म्हणून थोडे मागे जातो.

माझ्या पेंटॅक्स के१००० वर ५० मिमीची लेन्स होती आणि तिच्यावर ४९ मिमीचा स्कायलाइट फिल्टर कायम बसलेला असे. तो शोभेचा नव्हता. फिल्ममधले चांदीचे क्षार निळ्या प्रकाशाला जसे प्रतिसाद देतात, तसे अतिनील किरणांनाही देतात. रंगीत फिल्ममध्ये निळ्याचा थर सर्वांत वर असतो आणि त्याच्याखाली एक पिवळा गाळणी-थर असतो, जो उरलेला निळा आणि अतिनील प्रकाश खालच्या हिरव्या-लाल थरांपर्यंत जाऊ देत नाही. परिणामी डोळ्यांना न दिसणारे अतिनील किरण फक्त वरच्या थरावर नोंदले जात आणि फोटोवर निळसर झाक येई. लेहसारख्या सुमारे ३,५०० मीटर उंचीच्या ठिकाणी तर हे फारच जाणवे, कारण दर हजार मीटरला अतिनील प्रारण साधारण १० टक्क्यांनी वाढते. बर्फातल्या सावल्या निळ्याशार, दूरचे डोंगर निळ्या पडद्यामागे गेलेले. यूव्ही फिल्टर हा पडदा बराच विरळ करी आणि स्कायलाइट फिल्टर आपल्या फिकट गुलाबी छटेने सावल्यांना थोडी ऊबही देई.

डिजिटल कॅमेऱ्यात ही गरज जवळजवळ उरलेली नाही. सेन्सरच्या समोर कारखान्यातच एक गाळणी बसवलेली असते, जी अवरक्त आणि अतिनील दोन्ही बाजूंचा नको असलेला प्रकाश अडवते. शिवाय आधुनिक झूम लेन्समधल्या दहा-पंधरा काचा, त्यांवरचे लेप आणि काचा जोडणारा डिंक यांतून अतिनील किरण मुळात फारसे पार होतच नाहीत. ज्यांना मुद्दाम अतिनील प्रकाशातच छायाचित्रे काढायची असतात, त्यांच्यासाठी निकॉनला क्वार्ट्झ आणि फ्लोराइट वापरून १०५ मिमी एफ/४.५ची 'यूव्ही-निक्कोर' नावाची वेगळी लेन्स बनवावी लागली. साध्या लेन्समधून हे किरण सुखाने जात असते, तर तिची गरजच पडली नसती.

तेव्हा दुकानदाराचे दुसरे आश्वासन तीस वर्षांपूर्वी खरे होते, आज नाही. स्वतः कंपन्याही हे जाणतात आणि म्हणूनच निव्वळ रक्षणासाठी 'प्रोटेक्टर' या नावाने साध्या रंगहीन काचा विकतात, ज्यांत अतिनील किरण अडवण्याचा दावाच नसतो.

फिल्टर नावापुरता यूव्ही आहे की खरा, हे पाहण्याची एक गंमत सांगतो. आपल्या नोटांवरचे क्रमांक अतिनील प्रकाशात चमकणाऱ्या शाईने छापलेले असतात. अंधाऱ्या खोलीत नोटेवर यूव्ही टॉर्च मारा आणि मध्ये फिल्टर धरा. फिल्टर खरा असेल, तर चमक विझल्यासारखी होते. मात्र बाजारातल्या बहुतेक स्वस्त टॉर्चचा प्रकाश ३९५ नॅनोमीटरचा असतो आणि तो चांगल्या फिल्टरमधूनही बराचसा पार होतो, त्यामुळे ३६५ नॅनोमीटरचा टॉर्च मिळाला तरच या परीक्षेला अर्थ आहे. टॉर्चकडे थेट पाहू नका.

भंडारा_आणि_गुलाल

वरचे शास्त्र मला मान्य आहे, परंतु त्यावरून "फिल्टर निरुपयोगी" असा निष्कर्ष कोणी काढू नये, म्हणून लिहितो आहे.

सोमवती अमावास्येला जेजुरीच्या पायऱ्यांवर उभे राहून ज्याने फोटो काढले आहेत, त्याला हा प्रश्न पडतच नाही. वरून मूठमूठ भंडारा उधळला जात असतो, हवा पिवळी होते आणि दहा मिनिटांत कॅमेऱ्याच्या प्रत्येक फटीत हळद जाऊन बसते. ही हळद कोरड्या धुळीसारखी फुंकरीने उडत नाही. तिला हाताचा घाम लागला की तिचा लेप होतो, आणि तो पुसू जावे तर काचभर पिवळा फराटा पसरतो. चैत्रात जोतिबाच्या डोंगरावर गुलालाची हीच गत आणि कोकणात शिमग्याला पालखी नाचते तेव्हाही तेच. अशा वेळी पुढची काच शर्टाच्या टोकाने खसाखसा पुसून पुढचा क्षण पकडायचा असतो. ती काच साडेतीनशेची आहे की तीस हजारांच्या लेन्सचा भाग आहे, याने माझ्या हातात फरक पडतो. घरी आल्यावर मी फिल्टर काढून सरळ नळाखाली धरतो, भांड्यांच्या साबणाचा एक थेंब लावतो, स्वच्छ पाण्याने खळखळून घेतो आणि मऊ कापडाने टिपतो. लेन्सच्या बाबतीत ही चैन करता येणार नाही.

दुसरी गोष्ट, काही लेन्समध्ये फिल्टर हा रक्षणाच्या रचनेचाच भाग असतो. कॅननच्या १७-४० मिमी एफ/४ एल या लेन्सची पुढची काच झूम करताना बाहेरच्या नळकांड्याच्या आत पुढेमागे सरकते. त्यामुळे धूळ आणि पाण्यापासून पुरेसे रक्षण हवे असेल तर पुढे फिल्टर लावावा, असे खुद्द कंपनीच्या माहितीपुस्तिकेत म्हटले आहे.

माझे म्हणणे एवढेच की रोजच्या धुमाळीत काम करणाऱ्याने फिल्टर जरूर लावावा, पण तो साडेतीनशेचा नसावा. बहुस्तरीय लेपाच्या ६७ मिमीच्या फिल्टरला दोन-तीन हजार पडतात, ते द्यावेत.

भिंग_दुरुस्ती

कबूल केल्याप्रमाणे लिहितो. दुरुस्तीच्या टेबलावर जे येते, त्यावरून माझे मत बनलेले आहे. ज्यांच्या लेन्स कधी बिघडल्याच नाहीत ते माझ्याकडे येत नाहीत, हे लक्षात ठेवून ते वाचावे.

पुढच्या काचेवर ओरखडा पडला म्हणून घाबरून आलेल्या माणसाला मी आधी त्याच लेन्सने फोटो काढून दाखवतो. बहुतेक वेळा त्यात काहीच दिसत नाही. पुढची काच फोकसपासून इतकी दूर असते की तिच्यावरचा एखादा बारीक चरा प्रतिमेत विरघळून जातो. सूर्य समोर असेल किंवा रुंद कोनातून लहान छिद्राने फोटो काढला असेल, तर मात्र तो त्रास देऊ शकतो. मागच्या, म्हणजे सेन्सरजवळच्या काचेवरचा चरा यापेक्षा कितीतरी वाईट, आणि तिचे रक्षण कोणताही फिल्टर करत नाही. लेन्स बदलताना मागचे झाकण खिशातल्या किल्ल्यांबरोबर ठेवणाऱ्यांनी याचा विचार करावा.

लेन्स पडते तेव्हाचा अनुभव मिश्र आहे. फिल्टरची काच पातळ असते आणि लेन्सची पुढची काच तिच्या मानाने बरीच जाड. ज्या धक्क्याने लेन्सला काही झाले नसते, त्या धक्क्याने फिल्टर फुटतो आणि मालक "बघा, फिल्टरने लेन्स वाचवली" असे म्हणत समाधानाने येतो. कधी कधी ते खरेही असते, कारण कडीने पोचा आपल्या अंगावर घेतलेला असतो आणि लेन्सचे आटे शाबूत राहिलेले असतात. पण मागच्याच महिन्यात एक लेन्स आली, तिच्या पुढच्या काचेवर अर्धचंद्राच्या आकाराचे तीन ओरखडे होते आणि ते फुटलेल्या फिल्टरच्या तुकड्यांनीच केले होते. लेन्स पिशवीत तशीच खुळखुळत पुण्यापर्यंत आली होती. फिल्टर फुटलाच तर लेन्सचे तोंड खाली करा, तुकडे झटकू द्या, ब्लोअर मारा आणि मगच कडी फिरवा. काच पुसायला मुळीच जाऊ नका.

धक्क्यापासून खरे रक्षण हवे असेल, तर हूड, म्हणजे लेन्सच्या तोंडावर बसणारे कडे, लावा. प्लॅस्टिकचा हूड थोडा लवतो, फार झाले तर स्वतः मोडतो आणि लेन्सला वाचवतो. शिवाय तो बाजूचा प्रकाश अडवून फोटो खरोखर सुधारतो, जे काम फिल्टर करत नाही. हूड उलटा लावून फिरणारे इतके लोक पाहतो की तो लेन्सला उलटाच शोभतो अशी काहींची समजूत असावी.

आता समुद्राविषयी, कारण प्रश्नकर्ते गुहागरचे आहेत. खाऱ्या तुषारांचे पाणी वाळले की काचेवर मिठाचे बारीक कण उरतात. मीठ तसे मऊ आहे, ते काचेला चरे पाडत नाही. चरे पाडते ती त्यात मिसळलेली वाळू. वाळूतल्या क्वार्ट्झचा कठीणपणा मोहसच्या मापाने ७ असतो आणि साध्या काचेचा साडेपाच ते सहा. म्हणून वाळू असलेली काच कोरडी पुसणे म्हणजे तिला पॉलिश पेपर लावणे आहे. आधी ब्लोअर, मग मऊ ब्रश आणि त्यानंतर स्वच्छ पाण्याने किंचित ओलसर केलेले मायक्रोफायबरचे कापड, हा क्रम मोडू नका. किनाऱ्यावर फिल्टर लावणे मला मान्य आहे, कारण ही सगळी कसरत लेन्सऐवजी फिल्टरवर होते.

पण कोकणातल्या लेन्स माझ्याकडे येतात त्या चऱ्यांमुळे नव्हे, बुरशीमुळे. जूनमध्ये पिशवीत बंद केलेला कॅमेरा गणपतीला बाहेर काढला जातो, तोवर आतल्या काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारखे पांढरे तंतू पसरलेले असतात. ती बुरशी वेळीच काढली नाही, तर लेप खाते आणि काचेवर कायमचा व्रण उरतो. यावर फिल्टरचा काडीचाही उपयोग नाही, उलट फिल्टर आणि लेन्स यांच्यात अडकलेली ओल तो काढून पाहिल्याशिवाय दिसत नाही. पावसाळ्यात फिल्टर काढून ठेवा. घट्ट झाकणाच्या प्लॅस्टिकच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या घाला आणि सोबत आर्द्रता दाखवणारे लहान घड्याळ ठेवा. काटा ४० ते ५० टक्क्यांच्या मध्ये राहिला पाहिजे. साठच्या पुढे गेला की पुड्या बदला किंवा तापवून कोरड्या करा. कातडी पिशवीत लेन्स ठेवू नका, कातडे ओल धरते. आणि आठवड्यातून एकदा तरी कॅमेरा वापरा.

गडकोट_भटकंती

धुरकट हवेबद्दल कोणी लिहिले नाही म्हणून थोडक्यात. मार्च-एप्रिलमध्ये कळसूबाईवरून (१,६४६ मीटर) रतनगडाकडे पाहिले की सगळे करड्या दुलईखाली गेलेले दिसते आणि यूव्ही फिल्टर ती दुलई काढील अशी अनेकांची आशा असते. मीही ती करून पाहिली आहे.

हवेच्या रेणूंमुळे होणारे विकिरण तरंगलांबीच्या चौथ्या घाताच्या व्यस्त प्रमाणात असते, त्यामुळे ३५० नॅनोमीटरचा अतिनील प्रकाश ५५० नॅनोमीटरच्या हिरव्या प्रकाशाच्या सुमारे सहापट विखुरतो. स्वच्छ हवेत दूरचे डोंगर निळसर दिसतात ते यामुळे आणि फिल्मच्या काळात यूव्ही फिल्टर उपयोगी पडे तोही याच ठिकाणी. उन्हाळ्यातला आपला धुरकटपणा मात्र धुळीचा आणि धुराचा असतो. धुळीचे कण आकाराने मोठे असल्यामुळे ते सर्व रंगांना जवळजवळ सारखेच विखुरतात, म्हणून तो पडदा निळा नसून पांढुरका असतो. त्यावर कोणताही यूव्ही फिल्टर चालत नाही. सूर्याशी काटकोनात असलेल्या दिशेला पोलरायझर (ठरावीक दिशेने कंप पावणारा प्रकाश अडवणारा फिल्टर) थोडी मदत करतो, पण दीड ते दोन स्टॉप प्रकाश खातो (एक स्टॉप म्हणजे प्रकाश निम्मा होणे). तोही यूव्ही फिल्टरच्या वर चढवला, तर १८ मिमीला, म्हणजे लेन्सच्या सर्वांत रुंद कोनाला, चौकटीचे कोपरे काळे पडतात, म्हणून आधी यूव्ही काढावा. खरा उपाय म्हणजे ऑक्टोबरात, पाऊस हवा धुऊन गेल्यावर जाणे.

गुहागरचा_वारा

सर्वांचे मनापासून आभार. चपलेच्या युक्तीने फिल्टर पहिल्याच प्रयत्नात सुटला. आईने मात्र महागाची लेन्स चपलेवर टेकवलेली पाहून जो चेहरा केला, तो फोटो काढण्यासारखा होता.

काल रात्री प्रयोग केला. अंगणातल्या तुळशीवृंदावनाच्या कट्ट्यावर एका रांगेत सात पणत्या लावल्या, कॅमेरा ट्रायपॉडवर बसवला आणि पणत्या चौकटीच्या खालच्या उजव्या कोपऱ्यात येतील असे पाहिले. आयएसओ १००, एफ/८, आठ सेकंद. फिल्टर लावून काढलेल्या फोटोत वर डावीकडे सात हिरवट ठिपके आले. मग धाकट्या बहिणीला तिसऱ्या पणतीसमोर स्टीलची ताटली धरायला सांगितली. दुसऱ्या टोकाकडून मोजल्यावर बरोबर तिसरा ठिपका नाहीसा झाला. ताटली पाचवीसमोर धरली, तर पाचवा. त्यानंतर फिल्टर काढून, बाकी काहीही न बदलता फोटो काढला आणि आभाळ पूर्ण काळे आले. ट्यूबलाइटखाली धरल्यावर फिल्टरच्या काचेतले प्रतिबिंब इतके पांढरे आणि लख्ख दिसले की त्यात मी भांग पाडू शकलो असतो. लेन्स परत न्यावी लागणार नाही, हा मोठा दिलासा.

आता असे ठरवले आहे की किनाऱ्यावर आणि शिमग्याला वापरण्यासाठी बहुस्तरीय लेपाचा एक चांगला फिल्टर घ्यायचा, रात्री आणि सूर्य समोर असताना तो काढून ठेवायचा आणि एरवी हूडवर भिस्त ठेवायची. हूड लेन्सबरोबर खोक्यातच आला होता, मी तो उघडलाही नव्हता. आर्द्रता दाखवणारे घड्याळही मागवले आहे.

एकच शंका उरली. पातळ कडीचे, म्हणजे स्लिम फिल्टर दिसायला छान वाटतात. ६७ मिमीच्या माझ्या लेन्सला तेच घ्यावेत का?

प्रकाशवेडा

प्रयोग सुरेख झाला. ताटलीची कल्पना मला सुचली नसती.

स्लिम फिल्टर घेण्याआधी त्याच्या पुढच्या बाजूला आटे आहेत का, ते पाहा. काहींना ते नसतात आणि मग लेन्सचे झाकण त्यावर बसत नाही, बसले तरी पिशवीत गळून पडते. १८ मिमीला एकच फिल्टर लावणार असाल, तर साध्या जाडीच्या कडीने कोपरे काळे होऊ नयेत. दुकानात लेन्स घेऊन जा, फिल्टर चढवून १८ मिमीला एखाद्या पांढऱ्या भिंतीचा फोटो काढा, चारही कोपरे तपासा आणि मगच पैसे द्या.

भिंग_दुरुस्ती

आणि या वेळी फिल्टर स्वतःच्या हाताने चढवा.